सिनेमाचा शेवट मी सांगतो

मी आयुष्यात एकाच सिनेमाची गोष्ट कुणाला शेवटपर्यंत रंगवून सांगितली आहे, आणि नेमका तोच सिनेमा मी पाहिलेला नाही.

तो माझ्या काँट्रॅक्टची मुदत वाढण्याचा (किंवा न वाढण्याचा) महिना होता. शिक्का मारायचा होता मोरिता-सानांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी. तो मारला नाही तर टोकियोच्या एदोगावा भागातलं घर, मुलीची शाळा, बायकोची नोकरी, सगळा संसार गुंडाळून पुण्याला परत. काळजीने दोन आठवडे डोळ्याला डोळा नव्हता. अशात ऑफिसच्या पार्टीत मोरिता-सान म्हणाले, "माझ्या पत्नीला जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटांचं वेड आहे."

"मलाही!" मी म्हणालो.

मला कशाचंही वेड नाही. पण शिक्का बाकी होता.

लगेच आमंत्रण आलं. रविवारी दुपारी योकोहामाच्या एका जुन्या थिएटरात असाच एक भव्य संगीतपट लागणार होता. "तुमच्या आईंनाही आणा." आई तेव्हा आमच्याकडे आली होती. सिनेमाचं नाव ऐकून ती मोहरलीच.

"अरे, कॉलेजात असताना सात वेळा पाहिलाय मी हा. काय तो नायक, काय त्याचा पांढरा कोट! आणि तिचे झगे, एकेक आपल्या हॉलएवढा. तुझ्या बाबांनी शिवला होता तसा कोट. बँडवाल्यासारखे दिसायचे."

"आई, तिथे बोलायचं नाही. गुणगुणायचं नाही. चिवड्याचा डबा उघडायचा नाही. आणि शेवटची पाटी जाईपर्यंत कुणी उठत नाही."

"आणि मध्यंतरात?"

"जपानमध्ये मध्यंतर नसतं."

"या सिनेमाला आहे," आई म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. ती पुण्याच्या थिएटरबद्दल बोलतेय असं मला वाटलं.

रविवारी आम्ही ओळीने बसलो: आई, मोरिता-सानांची पत्नी, मोरिता-सान आणि मी. पडद्यावर संगमरवरी जिना, जिन्यावर दोनशे नर्तिका, मध्यभागी पांढऱ्या कोटातला तो. मी मात्र आईकडे बघत होतो. आता गुणगुणेल, मग गुणगुणेल. पाऊण तास गेला, आई गप्प. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मला जरा हायसं वाटलं, आणि तिथेच घात झाला. मी झोपलो.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते. लोक उभे राहून आळस देत होते. दोघी बायकांच्या खुर्च्या रिकाम्या, आणि साहेब उभे. सिनेमा संपला आणि साहेब माझ्यासाठी ताटकळलेत! मी ताडकन उठून कमरेत वाकलो.

"काय सुंदर शेवट होता, मोरिता-सान."

"शेवट," ते म्हणाले. "हो का."

जपानी माणूस असं शांतपणे "हो का" म्हणतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

"समोर कॉफी घेऊ या का?" मी विचारलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शाळा सुटल्यासारखे निघाले. मी आईची शाल उचलून मागोमाग.

"आई कुठे गेली?"

"माझी पत्नी आहे सोबत. दोघींना अजून दीड तास लागेल," ते म्हणाले. म्हणजे खरेदी! आईला जपानीत 'धन्यवाद' सोडून काही येत नाही. माझा जीव टांगणीला लागला, पण साहेब निवांत होते, म्हणून मीही निवांत दिसत राहिलो.

कॉफी आली. "हे सिनेमे मला फार लांब वाटतात," साहेब हळूच म्हणाले. "पुढे त्या दोघांचं काय होतं?"

म्हणजे साहेबही झोपले होते तर! मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

"लग्न होतं," मी म्हणालो.

"पण तिचे वडील?"

"आधी रागावतात, मग विरघळतात." (हिंदी सिनेमांचा तीस वर्षांचा अनुभव होता.)

"आणि तो तर लढाईवर निघाला होता ना?"

"लढाई थांबते."

"लगेच?"

"त्याच दिवशी."

मग मला आवरेना. मी त्या जोडप्याला जुळी मुलं दिली, समुद्रकाठी बंगला दिला, शेवटच्या गाण्याला चारशे लोक नाचवले. साहेबांनी समाधानाने दुसरी कॉफी मागवली.

दीड तासाने थिएटरातून गर्दी बाहेर पडली, आणि त्या गर्दीत एकाच कोटात गुरफटून आई आणि साहेबांची पत्नी. दोघींचे डोळे रडून लाल.

"छान झालं," साहेब पत्नीला म्हणाले. "लढाई थांबली आणि जुळी मुलं झाली."

"तो लढाईत मेला," पत्नी म्हणाली.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"अरे, मेलाच तो. सात वेळा पाहिलाय, सातही वेळा मेला. मध्यंतरानंतर तू होतास कुठे? आणि माझी शाल?"

साहेबांनी माझ्या हातातल्या शालीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो का."

घरी जाताना ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात सामान बांधत होतो. कुकर न्यायचा की विकायचा इथपर्यंत आलो होतो.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "गोखले-सान, दर शुक्रवारी तुम्ही मला कळवता, की काम पूर्ण झालं."

"हो."

"त्या वेळी तुम्ही जागे असता?"

त्यांनी काँट्रॅक्टचा कागद पुढे ओढला, बराच वेळ वाचला आणि शिक्का मारला. एका वर्षासाठी! मग खाली जपानीत, बारीक सुबक अक्षरात एक ओळ लिहिली आणि शेजारी रिकामा रकाना आखला: काम पूर्ण झाल्याची खात्री एखाद्या जाग्या माणसाने करावी.

सहीसाठी कागद घरी नेला, तरी ती ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही. पण मुलगी इथल्याच शाळेत वाढलेली. तिने ती आजीला मराठीत समजावून सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी मी कागद ऑफिसात परत दिला तेव्हा त्या रकान्यात आईची ठसठशीत देवनागरी सही होती. मोरिता-सानांनी ती ग्राह्य धरली.