पाचर कोणाची?

दोष कोठे आहे हे पाहणारी दृष्टी पुष्कळांना लाभते. त्याच्या उगमापर्यंत चालत जाण्याचे धैर्य मात्र विरळ; कारण त्या वाटेवर बहुधा आपल्याहून बलवान माणूस उभा असतो. कारखाने-निरीक्षक म्हणून आयुष्य वेचलेल्या एका बाईंच्या ठायी हे धैर्य सहज नांदत होते. धोकादायक यंत्र दिसले की त्या त्याच्या स्विचला सरकारी कुलूप घालीत. म्हणून मालकमंडळी त्यांना पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होते. "बरंय," त्या यजमानांना म्हणत, "तुमचं आडनाव लावून एवढी कीर्ती कधी झाली नव्हती!"

एकदा डब्यांची झाकणे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या न कळवता गेल्या. तेथला पत्र्यातून झाकणे कापणारा प्रेस दोन बटणे एकदम दाबल्यावरच खाली उतरे. दोन्ही हात बटणांवर गुंतले, म्हणजे बोटे साच्याखाली सापडण्याचे भय नाही. प्रेसवर बसली होती सगळ्यांची मावशी. तिचा उजवा हात बटणावर होता आणि डावा साच्याखाली पत्रा सरकवीत होता. दुसऱ्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलेच ठेवले होते.

बाईंनी प्रेस थांबवून कुलूप घातले. मावशी उसळली.

"ताई, हे कुलूप यंत्राला नाही, माझ्या चुलीला घातलंत! पोरांनी काय वारा खायचा?"

मालक धावत आले. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाचा मॅडम, ‘दोन्ही हात वापरा.’ एवढं ठळक लिहूनही हिनं पाचर ठोकली. उद्यापासून हिला कामावरून काढतो. मग तर झालं?"

मावशीचा आवाज एकाएकी खाली आला. "मीच ठोकली, ताई. मालक खोटं बोलत नाहीत."

एवढी कबुली लिहून घेतली की मालक हात झटकून मोकळे होणार आणि मावशी रस्त्यावर येणार, हे बाईंनी ओळखले. त्यांनी हळूच विचारले, "मावशी, पाचर नसली तर शिफ्टचा माल पुरा होतो?"

"कसला होतो! निम्मा राहतो. मग पगार कापतात."

"आणि मालाचा आकडा कोण ठरवतं?"

मावशीने मालकांकडे पाहिले. मालक म्हणाले, "धंदा म्हटला की आकडा आलाच, मॅडम."

"येऊ द्या की. पाचर काढून कुलूप उघडते. तुम्ही बसा. दोन्ही हातांनी तुमचा आकडा गाठलात, तर दोष मावशीवर लिहिते."

मालक हट्टाने बसले. कोट उतरला, बाह्या वर गेल्या, शर्ट पाठीला चिकटला. तासाभराने पाहावे तर झाकणांनी टोपलीचा तळही झाकला नव्हता. शेजारच्या यंत्रावरून कोणीसे म्हणाले, "मालक, पगार कापायचा का?" एकच हशा पिकला. मालकही ओशाळून हसले.

बाई हसल्या नाहीत. "पाचर हिच्या हातानं ठोकली गेली, पण ठोकायला लावली तुमच्या आकड्यानं. खटला तुमच्यावर होईल. आणि हिला काढलंत, तर त्याचाही जाब मलाच द्याल."

त्यांनी कुलूप पुन्हा लावले. मालकांनी बटणे पाचर बसणार नाही अशी बदलली आणि आकडा खाली आला, तेव्हाच कुलूप निघाले. खटल्यात मालकांना दंड झाला. मावशी कामावर राहिली.

बाई निवर्तल्याला आता बरीच वर्षे झाली. त्या कारखान्यात नवे काम आले, की आधी कोणीतरी ते दोन्ही हातांनी करून पाहते. शिफ्टचा आकडा त्यानंतर ठरतो.