भिंगऱ्याचं मोडकं शिंग

आमच्या आळे गावच्या कुंडलिकला जन्मात कुणी कधी मत विचारलं नव्हतं. घरात साळुबाई विचारत नसे, बाहेर गाव विचारत नसे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. बांधाशेजारच्यानं कांदा काढायला घेतला की हाही काढायचा. असा हा माणूस, आणि गेल्या भादव्यात त्याच्या एका शब्दासाठी जुन्नर-आंबेगावची पोरं त्याच्या अंगणात ठाण मांडून बसली होती. मी शेजारी असल्यामुळे त्यांच्या चहाचं दूध माझ्या घरून जात होतं.

मी सावळेराम. माझी पिठाची गिरणी कुंडलिकच्या घराला लागून आहे. दळण होईपर्यंत माणसं बसतात आणि बसली की बोलतात. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे मी सगळ्यांशीच भांडल्यासारखा बोलतो, असं म्हणतात. म्हणोत.

कुंडलिकचं नाव झालं ते भिंगऱ्यामुळे. भिंगऱ्या त्याचा बैल. खोडदच्या मेव्हण्याकडून त्यानं वासरू आणलं तेव्हा ते इतकं किडकिडीत होतं की साळुबाईनं दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. तेच वासरू पुढे यात्रांमधल्या बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, असं पळालं, की माणसं कामधाम टाकून त्याची बारी, म्हणजे एक धाव, बघायला यायची. खोडदला ते आभाळाचा कानोसा घेणाऱ्या मोठमोठ्या दुर्बिणींच्या शेजारी चरलेलं, म्हणून त्याच्या अंगात आभाळातली वीज शिरली, असं सांगणारेही भेटले. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

भिंगऱ्याच्या एका शिंगाचं टोक मोडलेलं होतं. त्यावरून तर त्याची कीर्ती आणखी वाढली. गोठ्यात बिबट्या शिरला आणि भिंगऱ्यानं त्याला शिंगावर घेतलं, त्यात शिंग मोडलं पण बिबट्या पळवला, अशी गोष्ट होती. पोरांच्या बनियनवर, जीपच्या काचेवर, मोबाईलवर सगळीकडे ते मोडकं शिंग. ‘भिंगऱ्या फॅन क्लब’ म्हणून एक टोळी होती, तिचा म्होरक्या मंचरकडचा गोकुळ. बैल म्हातारा होऊन गेला तेव्हा या पोरांनी त्याचा दहावा घातला, मळ्यात समाधी बांधली. कुंडलिक त्या दिवशी एका कडेला उभा होता. कुणीतरी त्याला पत्रावळ आणून देताना नाव विचारलं, तेव्हा कळलं की हा मालक.

मग आळेफाट्याच्या पुढे ‘शिवारनगरी’ निघाली. मोठं पार्क. आत खोटं गाव, खोटी विहीर, खोटा बाजार, आणि सगळ्यात मोठा खेळ म्हणजे बैलगाड्याचा घाट. रुळावरून धावणारा गाडा, पुढे फायबरचे चार बैल, त्यांच्यापुढे, खऱ्या घाटासारखी, फायबरची घोडी. गाड्यात माणसं बसवायची आणि सोडायचं. त्या चारांतला एक बैल भिंगऱ्या असणार, असं जाहीर झालं आणि माझ्या गिरणीत दळण बाजूला राहिलं.

कुणाला वाटलं, पळताना बैल फुरफुरणार. कुणाला वाटलं, खरी धूळ उडणार. दादाभाऊ नावाचे आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांना वाटलं की शेणाचा वास मारतील, नाहीतर तो घाट कसला. ‘‘मुंबयची माणसं वासाला पैसं देत्यात व्हय?’’ मी विचारलं. ‘‘देतील की,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्याला फुकट हाय म्हनून किंमत न्हाई.’’

पार्कचा मॅनेजर सुदर्शन हा नारायणगावचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला, फार अदबीनं बोलणारा. तो कुंडलिककडे बैलाचा फोटो मागायला आला. कुंडलिककडे फोटो नव्हता. रोज दावणीला दिसणाऱ्या बैलाचा फोटो कोण काढून ठेवतं? शेवटी क्लबच्या पोरांनी ढिगानं फोटो पाठवले आणि त्यावरून मूर्ती झाली.

उद्घाटनाच्या दिवशी पोरं गुलाल-भंडारा घेऊनच आली. बारी मारून आलेल्या बैलावर भंडारा उधळायचा, ही आमच्याकडची रीत. गाडा वर जाऊन थांबला आणि पोरांनी रीतीप्रमाणे फायबरच्या बैलांवर पोतंभर भंडारा उधळला. तो सगळा खाली यंत्रात गेला. गाडा जो बंद पडला तो दुपारपर्यंत हलला नाही. सुदर्शन पिवळाधमक होऊन उभा होता. रागवावं की हात जोडावेत हे त्याला कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नसतं.

पण खरा घोटाळा पुढेच होता. गाडा थांबल्यामुळे सगळ्यांना भिंगऱ्या नीट जवळून बघायला मिळाला. डावं शिंग मोडलेलं होतं.

‘‘उजवं व्हतं,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘डावंच हाय, बघ की फोटोत.’’

‘‘माझ्या फोटोत उजवं हाय.’’

मोबाईल निघाले. निम्म्या फोटोंत डावं, निम्म्यांत उजवं. स्वतःसकट काढलेला फोटो काही मोबाईलमध्ये आरशासारखा उलटा येतो आणि काहींत सुलटा, हे मला त्या दिवशी कळलं. शर्यतीचे व्हिडिओ होते, पण त्यात धूळ इतकी की शिंगंच काय, बैलसुद्धा अंदाजानं ओळखायचा. समाधीवरचा फोटो अशाच एका मोबाईलमधला. आणि मी स्वतः, ज्यानं त्या बैलाला वर्षानुवर्षं गिरणीवरून जाताना पाहिलं, छातीठोकपणे ‘उजवं’ म्हणालो आणि घरी येईपर्यंत माझं ‘डावं’ झालं.

शेवटी गोकुळ म्हणाला, ‘‘आबाला इचारा. आबा सांगतील ते खरं.’’

सगळे कुंडलिककडे वळले. कुंडलिकनं त्या फायबरच्या बैलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. ‘‘बघून सांगतो,’’ म्हणाला. काय बघून, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर त्याचं खाणंपिणं उडालं. एका संध्याकाळी गिरणी बंद करून मी त्याच्याकडे गेलो तर तो रिकाम्या दावणीपुढे उभा राहून एकदा डावा हात पुढे करत होता, एकदा उजवा.

‘‘सावळ्या, मला आठवंना,’’ तो म्हणाला.

‘‘अरे, चौदा वर्सं खायला घातलंस त्याला.’’

‘‘तेच तर. बैलाचं उजवं का माझं उजवं, हितूनच घोळ व्हतोय. डोळं मिटलं की बैल दिसतो, पन शिंगाकडं बघाय गेलो की दोन्ही मोडल्यालं दिसतंय.’’

मी चिडलो. म्हटलं, एक काहीतरी ठोकून दे, कुणाला कळणार आहे. त्याचे डोळे भरून आले आणि मला माझी लाज वाटली. त्याला पोरांची भीती नव्हती, पार्कचीही नव्हती. आपल्या हाताखाली वाढलेला जीव आपल्यालाच धड आठवत नाही, म्हणजे आपण त्याला सांभाळलं तरी का, हे त्याला टोचत होतं. बरं, साळुबाई म्हणे डावं, सासरहून आलेली लेक रत्ना म्हणे उजवं, आणि दोघींचा आवाज सारखाच ठाम.

इकडे पोरांचं रान पेटलं होतं. निम्मी रोज कुंडलिकच्या अंगणात येऊन बसत, बाकीची मोबाईलवर. मोबाईलवर पार्कला एकेक तारा मिळू लागला. ‘आमच्या राजाचा अपमान.’ कुणी लिहिलं, ‘गाडा मस्त, वडापाव महाग, शिंग चुकीचे.’ एकानं पाच तारे देऊन खाली शिव्या लिहिल्या होत्या, त्याला नेमकं काय वाटलं ते त्यालाच ठाऊक. गोकुळनं सांगून टाकलं की भादवी पोळ्याला सगळे पार्कात जमायचं, आबा सांगतील, आणि शिंग चुकलं असेल तर यापुढे आपलं एक माणूस तिथं पाय ठेवणार नाही.

सुदर्शन घाबरून कुंडलिककडे आला. ‘‘आबा, तुम्ही म्हणाल ते शिंग करून देतो. एका दिवसाचं काम आहे. फक्त कुठलं ते सांगा.’’

याचा परिणाम उलटाच झाला. तो गेल्यावर कुंडलिक म्हणाला, ‘‘म्हंजी मी जे म्हनंन तेच खरं व्हनार? मग तर लईच अवघड झालं.’’

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. भिंगऱ्या गेल्यापासून त्यांच्या दावणीला बैल नाही, म्हणून साळुबाई मातीची जोडी करून पूजते. ती पाटावर मांडलेली होती. हळदकुंकू लावलेलं, पुढे पुरणपोळी. कुंडलिक पाटापुढे बसून त्यातल्या एका बैलाकडे एकटक बघत होता.

‘‘ह्यो भिंगऱ्या ना?’’ त्यानं विचारलं.

‘‘मग कोन?’’

‘‘दोन्ही शिंगं अख्खी केलीस?’’

‘‘दर साली अख्खीच करते,’’ साळुबाई म्हणाली. ‘‘तुमी आज बघितलं. मेल्यावर बी मोडकंच ठिवायचं का त्याला?’’

कुंडलिकनं त्या बैलाच्या शिंगांवरून बोट फिरवलं. मग त्यानं एक पुरणपोळी फडक्यात बांधली आणि उठला. ‘‘चल,’’ मला म्हणाला.

पार्कच्या फाटकावर पिशव्या तपासायला प्रतिभा नावाची मुलगी होती, आंबेगावच्या डोंगराकडची. तिनं फडकं सोडून बघितलं. ‘‘आबा, बाहेरचं खायाचं आत न्यायला बंदी हाय.’’

‘‘मला न्हाई, बैलाला हाय.’’

‘‘पन त्यो फायबरचा हाय.’’

‘‘व्हय. पन आज पोळा हाय.’’

तिनं फडक्याकडे बघितलं, भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. पाटीत बैलांच्या पोळीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तिनं सुदर्शनला फोन लावला, त्यालाही तसा नियम सापडेना. शेवटी तिनं फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधून दिली. ‘‘न्या. आमच्या घरी बी आज पोळाच हाय,’’ म्हणाली.

घाटापाशी ही गर्दी. मोबाईल वर धरलेले. फिरायला आलेली शहरातली माणसंही हा काय कार्यक्रम आहे म्हणून थांबली होती. कुंडलिकनं चपला काढल्या, बैलाच्या पायांवरची धूळ उपरण्यानं पुसली आणि पोळी त्याच्या तोंडापुढे धरली. खरा बैल खाईल तेवढा वेळ धरली.

‘‘आबा, डावं का उजवं?’’ गोकुळनं विचारलं.

‘‘मला आठवत न्हाई.’’

गोकुळला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

‘‘न्हाई आठवत, बाबा. दोन्ही शिंगं अख्खी करा.’’

आता मात्र गलका झाला. अख्ख्या शिंगांचा भिंगऱ्या कसला, मग बिबट्याशी लढला त्याचं काय, आमच्या बनियनवर काय छापायचं. एवढी नाराज माणसं मी सोसायटीच्या सभेतही बघितली नाहीत. कुंडलिकनं हात वर केला. त्याला असा हात वर करताना मी पहिल्यांदा बघत होतो.

‘‘त्यो लढला न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘बिबट्या नुसता दारात येऊन गेला. भिंगऱ्या भ्याला. दावं तोडाय गेला आन दगडी खांबाव आदळला, तितं शिंग मोडलं. मी गेलो तवा रगत गळत व्हतं आन त्यो उभ्या जागी थरथरत व्हता. मी गळ्यात हात घालून सकाळपातुर बसलो. तुमी त्याला वाघ म्हनायला लागलात, मला बरं वाटलं, मी काय बोललो न्हाई. शिंग कुठलं ते मला आठवत न्हाई. त्याची थरथर आठवती. ती अजून माझ्या हातात हाय.’’

मोबाईल हळूहळू खाली आले. गोकुळ कुंडलिककडे बघत राहिला, मग त्या बैलाकडे, मग स्वतःच्या बनियनवरच्या बैलाकडे. त्याला राग आला होता का रडू येत होतं, मला सांगता येणार नाही. तो गर्दीतून निघून गेला.

पोरांचं एकमत काही झालं नाही. निम्मी अजून म्हणतात, आबा वय झाल्यामुळे विसरले. निम्मी म्हणतात, खरं बोलले. गोकुळचं बनियन तेच आहे आणि पार्कातही तो येतो, पण बिबट्याची गोष्ट सांगायची थांबलाय. दादाभाऊंची शेणाच्या वासाची तक्रार अजून तशीच आहे.

सुदर्शननं शिंग मात्र करून घेतलं. आठवड्यानं कुंडलिक मला घेऊन बघायला गेला. नव्या टोकाचा रंग किंचित फिका होता, जवळून कळत होता. कुंडलिक बैलाच्या मागून पुढून फिरला, दोन्ही शिंगांवरून हात फिरवला आणि तसाच मानेवर ठेवून उभा राहिला. गाडा सुटायची वेळ झाली, भोंगा वाजला तरी हात काढेना.

‘‘सावळ्या,’’ तो म्हणाला, ‘‘आता दुखत नसंल त्याला.’’

तो फायबरचा आहे, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी भोंगेवाल्याला हातानंच जरा थांब म्हणून खुणावलं.