नवसाचं चालणं

सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. शहापूरला थोरल्या बहिणीकडे राहून शिकत होते तेव्हा ही जमात खिडकीतून रोज दिसायची. कानटोपी, पांढरे बूट, कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे हलणारे हात. जानेवारीत दहाबारा जण निघत, होळीपर्यंत दोन उरत, आणि ते दोघेही अर्ध्या रस्त्यावरच्या वड्याच्या गाडीशी थांबून तब्येतीवर बोलत. खाल्लेलं पचवायला चालायचं आणि चाललो म्हणून पुन्हा खायचं, असा सगळा कारभार.

मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी मलाच साखर निघाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी लग्न होऊन शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आले होते आणि तिथल्याच शाळेत शिकवत होते. शाळा घरासमोर, त्यामुळे दिवसाकाठी माझी पन्नास पावलंही होत नसत. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, एक दिवसही चुकवू नका, आणि पायात चप्पल असल्याशिवाय पाऊल टाकू नका, साधा काटा लागला तरी जखम भरणार नाही. हे मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आईच्या पायाची आधी दोन बोटं गेली होती, मग घोट्यापर्यंत पाऊल. तिला मी उचलून मोरीत नेत असे. मला दोन मुली होत्या, एक अकराची, एक सातची. त्यांच्यावर ती पाळी येऊ द्यायची नव्हती.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, मन घट्ट केलं की जमतं." डॉक्टरांकडे स्वतःची गाडी होती, म्हणून त्यांना असं वाटत होतं. माझं मन घट्टच होतं. पण आमच्या रस्त्यावर माणसाला चालूच देत नाहीत.

आमच्याकडे चालायला कारण लागतं. पाणी, लाकूड, शेत, बाजार. रिकाम्या हाताने रस्त्याने चालणारी बाई दिसली की पहिला विचार, हिची गाडी चुकली. दुसरा, हिचं घरात भांडण झालं. आणि ओळखीच्या माणसाला पायी पाहून गाडी न थांबवणारा माजला, असं सगळे समजतात. पहिल्या दिवशी मी दोनशे पावलं गेले असेन, तोच दुधाचा टेम्पो थांबला. "बाई, कुठं चाललाव? बसा, सोडतो." मी म्हटलं, कुठेच नाही, उगीच चाललेय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बसले. शेणव्याला उतरले. परतताना एका पालकाने मोटरसायकलवर घेतलं. माझा पहिल्या दिवसाचा व्यायाम सगळा बसून झाला.

चौथ्या दिवशी चुलत दिरांची जीप आली. ते गावातून शहापूरपर्यंत प्रवासी नेत. मी नको म्हटलं. त्यांनी जीप माझ्या चालीने हळूहळू शेजारी चालवली, आतली आठ माणसं माझ्याकडे बघत होती. "वयनी, आमच्या गाडीत बसाय लाज वाटते का?" मी पुन्हा नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या भावकीत पोचलं. सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मास्तरीण झाली म्हून मान्साला तोडायचं नसतं गो." मी साखरेचं सांगितलं, तर म्हणाल्या, "साखर खाऊ नको मंग. त्याला रस्त्याव कशाला जायाला पायजे?"

खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं. गावाने माझी सोय करून दिली होती. कंटाळा माझा आणि बोल जीपवाल्याला. दोन महिन्यांत मी जेमतेम चारदा गेले असेन. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर गेली होती. डॉक्टरांनी नुसता कागद माझ्याकडे सरकवला. परतताना मला आईचा पाय आठवत राहिला.

त्याच आठवड्यात शाळेच्या ओट्यावरून मी एक गोष्ट पाहिली. गावातली एक म्हातारी अनवाणी, हातात नारळ घेऊन, रस्त्याच्या कडेने देवीला चालली होती. देवीचं ठाणं गावापासून अडीच किलोमीटरवर, डांबरी रस्त्यालाच. मागून दिरांची जीप आली, म्हातारीपाशी मंद झाली, त्यांनी स्टिअरिंगवरचा हात छातीशी नेला आणि जीप पुढे निघून गेली. नवसाने चालणाऱ्याला गाडीत घेत नाहीत. त्याचा नवस मोडला तर पाप घेणाऱ्याला लागतं.

मी चौथीच्या वर्गाला अंधश्रद्धेवरचा धडा शिकवत असे, आणि चांगला शिकवत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं. दुसऱ्या दिवशी चपला घरी ठेवून, हातात नारळ घेऊन निघाले. जीप आली. मी म्हटलं, "भावजी, नवस आहे." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "आदी सांगायचं ना वयनी," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर माझा एक दिवस चुकला नाही. मन घट्ट करणं वगैरे जे काही असतं ते सगळं गावाने माझ्या वतीने केलं. ताप असो, पाहुणे असोत, सात वाजून गेले आणि मी रस्त्यावर दिसले नाही की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "आज देवी नाय का?" एकदा अंगणात आळस देत उभी होते, तर विहिरीवरच्या बायका आपापसांत बोलेनाशा झाल्या. मी नारळ उचलून निघाले. ज्यांना व्यायामात सातत्य राखता येत नाही त्यांनी आमच्या गावात येऊन राहावं.

राहिला प्रश्न पायांचा. तर दुसऱ्या दिवसापासून नारळ पिशवीत आणि त्याखाली चपला असत. घरापासून ओढ्यावरच्या मोरीच्या वळणापर्यंत अनवाणी, जपून, खाली बघत. वळणाच्या पुढे चपला. समोरून कुणी दिसलं की काढून पुन्हा पिशवीत. शिकली-सवरलेली सरकारी शिक्षिका, करवंदीच्या जाळीमागे उभी राहून चपला लपवते आहे. मला माझाच राग येई, आणि मग गावाचा येई, आणि त्या रागात मी भराभर चालत असे. साखर उतरू लागली.

नवस कशाचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले, सांगितला तर फळत नाही, म्हणून बाई सांगत नाय. पण न सांगता त्यांनी ठरवून टाकलं. दोन मुली असलेल्या बाईला दुसरं काय मागायचं असणार? हे मला कळलं ते सासूबाईंच्या वागण्यातून. त्या माझ्याआधी उठून माझं अंघोळीचं पाणी तापवू लागल्या. मी आले की गूळ-खोबऱ्याचा प्रसाद हातावर ठेवत, आणि तो मी त्यांची पाठ वळली की गोठ्यात टाके. मला समजत होतं आणि मी गप्प राहिले. अंघोळीला कढत पाणी आयतं मिळत होतं, रस्ता मोकळा होता.

असे पाचसहा महिने गेले. एका सकाळी थोरली मुलगी म्हणाली, मीपण येते. ठाण्यापाशी पोचल्यावर तिने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. मी थट्टेने विचारलं, काय मागितलंस, परीक्षेत पास कर?

"भाऊ मागितला."

मी म्हटलं, तुला कशाला हवा भाऊ?

"मला नकोय. पन तो आला का तुला अनवानी चालाय लागनार नाय ना."

ती माझ्या पायांकडे बघत होती. टाचेपाशी एक खडा रुतून लाल झालं होतं, ते तिने माझ्या आधी पाहिलं होतं. घरात दोन मुली पुरत नाहीत असं तिने सहा महिने ऐकलं होतं, आणि ते तिच्या आईच्या गप्प बसण्यातून आलं होतं. गावाची अक्कल काढण्यात मी पटाईत होते, पण त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. तिथेच पिशवीतून चपला काढून घातल्या आणि तशीच तिचा हात धरून गावात आले.

नाक्यावर जीप भरत होती. मी दिरांना आणि जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नवस नव्हता. मला साखर आहे, म्हणून चालते. मुलगा-बिलगा मला काही नको." दिरांची नजर माझ्या चपलांवर होती. "नवस असा मोडू नये, वयनी," एवढंच ते म्हणाले. खोटं होतं हे त्यांना पटलंच नाही. माझा धीर सुटला, एवढंच त्यांना दिसलं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी नव्हतं. मी ओठ आवळून बूट चढवले. हो, बूटच, पांढरे, साखर निघाली तेव्हाच तालुक्याहून मागवलेले आणि तेव्हापासून पेटीत पडलेले. बाहेर आले तर सासूबाई माझ्यापुढे रस्त्याला लागल्या होत्या. अनवाणी, हातात नारळ, दुखऱ्या गुडघ्याने एका अंगाला झुकत. मला वाटलं, नातवाची आशा सुटत नाही, आता स्वतः मागायला निघाल्या. मनातल्या मनात मी त्यांना चार शब्द हासडले आणि दहा पावलं मागे राहून चालू लागले. गाड्या आल्या, मंद झाल्या, त्यांना हात जोडून पुढे गेल्या. मला कुणी हाकही मारली नाही.

ठाण्यापाशी त्या वाकल्या. म्हाताऱ्या माणसांना देवाशी हळू बोलता येत नाही.

"पोर खोटं बोलली," त्या म्हणत होत्या. "शिकल्याली हाय, तिला कळत नाय. तुजा राग माज्याव काढ. तिच्या पायाव नको काढू."

परतताना त्या पुढे, मी मागे. वळणापाशी त्या दम खायला थांबल्या, तेव्हा मीही थांबले.