पितळेचे बुद्ध

जीवन पगारे कस्टममध्ये हवालदार होता. नाशिकबाहेरच्या कंटेनर डेपोत परदेशी मालाचं सील तोडायचं, पेट्या उघडून साहेबांना दाखवायच्या, हे त्याचं काम. बावीस वर्षांत त्याने कुणाकडून द्राक्षांची पेटीसुद्धा घेतली नव्हती. बायको साधना म्हणायची, "तुम्ही कामावर आहात हे सरकारला माहीत तरी आहे का?"

त्याच्या कॉलनीतल्या विहारासाठी थायलंडच्या उपासकांनी बुद्धमूर्ती पाठवली, ती नेमकी याच डेपोत उतरली. विहार समितीचे अध्यक्ष गोटीरामदादा निर्धास्त होते. "आपलाच माणूस आहे तिथं!"

तपासणीच्या दिवशी साहेबांना घाई होती. कागदावर लिहिलं होतं, प्लास्टरची मूर्ती. साहेबांनी वरवरचा भुसा पाहिला आणि सहीसाठी पेन काढलं. जीवनने सवयीने मूर्तीवर टिचकी मारली. टण्ण!

"साहेब, ही पितळेची आहे."

"पगारे, मूर्ती तुमच्याच विहाराची ना?"

"हो साहेब."

"मग कशाला टिचक्या मारताय?"

पण आवाज मजुरांनीही ऐकला होता. साहेबांनी नाइलाजाने पेन खिशात घातलं. शुल्क वाचवायला माल सोडवणाऱ्या एजंटाने केलेली लबाडी उघड झाली आणि मूर्ती गोदामात अडकली.

गोटीरामदादा तणतणत दारात आले. "अरे, भगवंतालाच पकडून दिलंस?"

"दादा, खोटं बोलणार नाही असं रोज म्हणतो आपण."

"ते विहारात म्हणायचं, डेपोत नाही!"

कॉलनीने त्याच्याशी बोलणं टाकलं. बुद्धपौर्णिमा विहारात फोटोवरच भागली. इकडे गोदामात मात्र जीवन रोज लवकर जाऊन मूर्ती पुसायचा. हळूहळू ड्रायव्हर चपला बाहेर काढू लागले. आईबहिणीवरून शिव्या देणारे हमालसुद्धा तिथे आवाज खाली आणायचे.

सात महिन्यांनी समितीने शुल्क आणि दंड भरला, मूर्ती सुटली. प्रतिष्ठापनेला 'मोलाच्या सहकार्याबद्दल' साहेबांचा शाल देऊन सत्कार झाला. साहेबांनी तो संकोच न करता स्वीकारला. प्रामाणिकपणावर चार शब्दही बोलले. जीवनचं नाव कुणी घेतलं नाही. साधना फणफणली, "उठा, घरी चला."

"बस गं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण मूर्ती दिव्यांत इतकी सुरेख दिसत होती की उठवेना.

पंगत बसली. गोटीरामदादा वाढत वाढत त्याच्यापुढे आले, क्षणभर थांबले आणि त्याच्या वाटीत दोनदा खीर वाढून पुढे गेले.