निकेल ओलं ठेवायचं

माझे अप्पा लातूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. मोठ्या बंद भांड्यात तेल, निकेलची काळी भुकटी आणि हायड्रोजन वायू घालून ढवळायचं आणि तेलाचं तूप झालं की भुकटी कापडातून गाळून काढायची. मी नांदेडला पीएचडी करते. विषय तोच, फक्त माझ्याकडे भांडं नाही, बोटाएवढी नळी आहे. निकेल नळीत बसवलेलं. एका टोकानं तेल नि वायू शिरतात, दुसऱ्या टोकानं तयार माल निघत राहतो. गाळायला मधे थांबायचं नाही. अप्पांना फोनवर हे मी भलत्याच तोऱ्यात सांगायचे.

पण नळी टिकेना. पहिल्या दिवशी झकास, दुसऱ्या दिवशी निम्मं, चौथ्या दिवशी तेल जसं आत जाई तसंच बाहेर. तीन नळ्या वाया गेल्या. चौथी शेवटची होती. हीही गेली तर विषय बदला, असं माझ्या गाइड बाईंनी सांगून टाकलं होतं. मी मुळातच तापट, त्या आठवड्यात तर माझ्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नव्हतं.

त्यातच अप्पा शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. प्रयोगशाळेत स्टुलावर गपचूप बसून राहिले, उजवा हात नेहमीसारखा खिशात. त्या तळहातावर भाजल्याचा मोठा व्रण आहे. दुसरीत असताना शाळेच्या गेटपाशी मी म्हणाले होते, "तो हात नका धरू, पोरी हसतात." तेव्हापासून तो खिशातच असतो.

संध्याकाळी मी चौथ्या नळीचं पहिल्या दिवसाचं काम थांबवलं, ती स्पिरिटनं धुतली आणि वाळवायला घेतली. अप्पा ताडकन उठले.

"काय करायलीस?"

"वाळवते. रोज वाळवून, बूच लावून ठेवते."

"अगं माय, निकेल हाय ते! वाळलं की हवा खातंय नि मरतंय. बुचाचा काय भरोसा?" त्यांनी खिशातला हात काढून माझ्यापुढं धरला. "हे त्याच्यानंच झालंय. गाळायचं कापड पाण्यात टाकायचं राहिलं. वाळलं, नि हात लावल्याबरूबर पेटलं."

"तुमच्याकडून राहिलं? कसं काय?"

"घाई व्हती. तुझा शाळेचा पहिला दिवस व्हता."

निकेल वाळू देऊ नये हे मीही पुस्तकात वाचलं होतं, पण बुचांवर विसंबले होते. नळी स्पिरिटनं भरून ठेवली आणि रोज तशीच ठेवत गेले. सहाव्या दिवशीही ती पहिल्या दिवसासारखीच चालली.

त्या दुपारी अप्पांना बसस्टँडवर सोडायला गेले. गर्दी बरीच होती. मी हात पुढं केला. त्यांनी डावा दिला.

"तो नाही, अप्पा. दुसरा."

"लोक बघायलेत, माय."

"बघू द्या," मी म्हणाले, आणि लातूरची गाडी लागेपर्यंत तो हात सोडला नाही.