खालून हवा खेळली पाहिजे

मला ओळखणाऱ्या कुणालाच हे सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बायकोला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही, आणि जिला पहिल्यांदा कळायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. कंटाळलात तर मधूनच उठून जा, मला राग नाही. पण बसणार असाल तर एक अट आहे — मला समजून घेऊ नका. समजून घेणारी माणसं मला आजवर पुष्कळ भेटली, त्यांच्याच जिवावर मी इतकी वर्षं गप्प राहू शकलो.

मी कंटेनरची घरं बनवतो. जहाजावर फिरून जुने झालेले लोखंडी डबे ट्रेलरवरून वाळूजजवळ आमच्या यार्डात येतात. आम्ही त्यांना कटर मारून दारं-खिडक्या काढतो, आतून अस्तर आणि प्लायवूड बसवतो, वर थोडी पोकळी ठेवून पत्र्याचं दुसरं छप्पर चढवतो, तेव्हा कुठं आमच्याकडचं ऊन त्यांना सोसतं. सुरुवातीला सगळे हसले. डब्यात पापड ठेवतात, माणसं नाही, असं माझे सासरे चारचौघांत म्हणाले होते. आज फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर पर्यटकांच्या सहा खोल्या माझ्या हातच्या आहेत, छावणीत एका निवृत्त सुभेदारांच्या आवारात अभ्यासाची खोली आहे, आणि सासरेच पाहुण्यांना घेऊन यार्ड दाखवायला येतात. माझ्या कामाची मला लाज नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे येणार आहे त्यात डब्याचा काही दोष नाही.

माझी एक बहीण आहे. अक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन तिनं पिशोरचा आठवडी बाजार फिरवला आहे, माझ्या शाळेच्या सदऱ्याला गुंड्या लावल्या आहेत — असू द्या, हे सांगायला लागलो की माझंच मन मऊ पडतं, आणि मला आज मऊ पडायचं नाही.

अक्काचे यजमान गेले तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला ठेवून घ्यायची फारशी हौस दाखवली नाही. ती माहेरी, पिशोरला आली. आमचे वडील आदल्याच वर्षी वारले होते आणि सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली होती. मी तिला म्हणालो, तू हक्कसोड करून दे, मी तुला रानात घर बांधून देतो, मरेपर्यंत राहा. तिनं एक शब्द विचारला नाही. कन्नडला जाऊन सही केली, आणि येताना एसटी स्टँडवर मलाच उसाचा रस पाजला.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, सगळेच भाऊ करतात. करतात ना! तुमच्याही कपाटात असेल बहिणीच्या सहीचा एखादा कागद. असेल तर आत्ता मला नावं ठेवू नका, आणि माझी बाजूही घेऊ नका. मी त्या कागदाबद्दल बोलतच नाहीये.

मी घर दिलं. वीस फुटी डबा, आतून पांढरा, दोन खिडक्या, एक मोरी, ओट्याला काळा कडप्पा. रस्त्याला लागून जो तुकडा होता तिथं, लिंबाच्या झाडाजवळ, काँक्रिटच्या चार ठोकळ्यांवर तो ठेवला. जमीन आणि डबा यांच्यात हातभर अंतर राहिलं. अक्कानं दारात नारळ फोडला, सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बापू, लई थंडगार केलंस रं आतून." पहिल्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही नीट, नुसती घरभर फिरत होती. घरभर म्हणजे किती, वीस फूट.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि पुन्हा बाजूला सरकतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कानं एक उद्योग केला. रानातले काळे दगड ती एकेक करून वेचून आणायची आणि डब्याखालच्या त्या हातभर अंतरात रचायची. मधे चिखल भरायची. तीन बाजू तिनं एकटीनं पुऱ्या केल्या, पावसाळ्यानंतर चौथी केली आणि वरून शेणामातीनं सारवून घेतलं. मी भाऊबीजेला गेलो तेव्हा तिनं मला ओवाळलं, करंजी हातात दिली आणि बाहेर घेऊन गेली. तिनं आपल्या घराला जोतं बांधलं होतं.

आणि मी काय केलं? मी उकिडवा बसलो, मोठ्या जाणकारासारखा दगडांवर टिचक्या मारल्या आणि म्हणालो, "अक्का, हे चालत नाय. खालून हवा खेळली पाहिजे. नायतर तळ गंजतो."

हाच तो गुन्हा. एवढंच वाक्य. तुम्हाला वाटलं असेल, काही मोठं येणार.

ते वाक्य खोटं नव्हतं, हीच तर त्यातली हुशारी. लोखंडाच्या तळाला हवा लागतेच. पण जोत्यात चार झरोके ठेवले की काम भागतं — मी शहरातल्या गिऱ्हाइकांना तसंच करून देतो, वर जाळी बसवतो म्हणजे उंदीर शिरत नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम. मला ते तेव्हाही येत होतं. मी केलं नाही, कारण मला त्या घराला जोतं नकोच होतं. आमच्या गावात जोत्यावर उभ्या असलेल्या घराची ग्रामपंचायतीत नोंद होते, घरपट्टीच्या पावतीवर नाव येतं, आणि मग लोक त्या जागेला अक्काची जागा म्हणू लागतात. ठोकळ्यांवर ठेवलेल्या डब्याला कोण विचारतं? तो आज इथं, उद्या तिथं. सही घेऊनसुद्धा मला भीती होती. तिच्या सहीची नाही, तिच्या रुजण्याची भीती. म्हणून मी तिला घर दिलं ते उचलता येईल असं दिलं, आणि ते ठरवूनच दिलं. पहिल्या दिवसापासून.

दगड मी काढले नाहीत. तिनंच काढले. मी दिवाळीनंतर गेलो तेव्हा लिंबाखाली ते नीट रचून ठेवले होते, लहानावर लहान, मोठ्यावर मोठे. शेजारच्या बायकांना ती सांगत होती, लोखंडाला हवा लागते, आमच्या बापूला त्यातलं समदं कळतं.

त्यानंतर काय झालं ते ऐका, आणि मग ठरवा मला समजून घ्यायचं का. डब्याखाली वाऱ्यानं पाला जमायचा, चिंध्या अडकायच्या, कधी कुत्री व्यायची. हवा अडू नये म्हणून अक्का दर दोन-तीन दिवसांनी जमिनीवर पोटावर झोपायची आणि लांब काठीनं सगळं ओढून काढायची. साठीला टेकलेली बाई. थंडीत खालून वारा लागून तिचे गुडघे धरायचे, म्हणून आत गोणपाट अंथरायची, पण खालची हवा तिनं अडू दिली नाही. चार वर्षं. मी गेलो की अभिमानानं दाखवायची, बघ, तळ कसा कोरडा ठणठणीत आहे. मी वाकून बघायचो आणि चांगला आहे म्हणायचो. एकदाही माझी जीभ वळली नाही. वळेल असं वाटलंही नाही, उगाच कशाला मोठेपणा सांगू?

मग रस्ता मोठा झाला, त्या तुकड्यावर हॉटेल काढायला एक जण आला आणि मी तुकडा विकला. अक्काला म्हणालो, तू इथं एकटी पडतेस, माझ्या डोळ्यांसमोर राहा. दोन हायड्रा क्रेन आणल्या, साखळ्या लावल्या, आणि सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत तिचं घर ट्रेलरवर चढलं. आतली भांडी आतच होती. वाळूजला उतरवलं तेव्हा एक कपसुद्धा फुटला नव्हता, इतकं सफाईचं काम. बायकोच्या भाच्यानं त्याचा व्हिडिओ काढला, तो सगळ्या नात्यात फिरला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं लोकांनी लिहिलं. मी ते वाचलं, आणि खरं सांगू? मला आवडलं. एकालाही उलट लिहिलं नाही.

तेव्हापासून अक्काचं घर माझ्या यार्डात आहे, फाटकाच्या उजव्या हाताला. तिथंही चार ठोकळे. आणि गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी तिथंच नेतो, कारण राहतं घर बघितलं की माणसाचा विश्वास बसतो. अक्का चहा करते. लोक तिची मोरी उघडून बघतात, पलंगावर बसून बघतात, भिंतीवर टकटक करतात. ती पदर सावरून कोपऱ्यात उभी राहते आणि विचारलं की सांगते, उन्हाळ्यात थंड असतं, काही त्रास नाही. माझ्याकडं पगारी माणसं आहेत, पण तिच्याइतका माल कुणी विकला नाही.

गेल्या महिन्यात वैजापूरकडचा एक बागाईतदार आला. त्याला घाई होती, नवा डबा तयार व्हायची वाट बघायची नव्हती. अक्काच्या घरात उभा राहून, तिच्याच हातचा चहा पीत त्यानं विचारलं, हेच उचलून देता का? अक्का ट्रे घेऊन समोर होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "बघू."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाच. पण मी "बघू" म्हणालो, कारण धंद्यात मी सगळ्यांना तेच म्हणतो, आणि त्या क्षणी ती मला माझी बहीण दिसलीच नाही, चांगल्या स्थितीतला वीस फुटी डबा दिसला. याहून खरं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही.

मी सौदा केला नाही. त्या माणसाला दुसरीकडं पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडं गेलो तर तिनं फळीवरची सगळी भांडी काढून गोणीत भरली होती. मला म्हणाली, "क्रेन कवा येणार हाय? आधी सांग, म्हणजे चूल पेटवीत नाय." रुसवा नव्हता आवाजात. बसची वेळ विचारावी तसं विचारलं तिनं.

विकायचं नाही, कुठं जायचं नाही, असं मी तिला तीन-तीनदा सांगितलं. ती व्हय म्हणाली. तिला पटावं म्हणून मी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला, दगडाचा ट्रॅक्टर टाकला आणि म्हणालो, अक्का, तुझ्या घराला जोतं बांधतो. ती धावतच बाहेर आली आणि गवंड्याच्या पुढं आडवी झाली. "नको रं बापू, गंजून जाईल ते. खालून हवा लागते."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी खोटं बोललो होतो, एवढंच. गवंडी थापी हातात धरून माझ्याकडं बघत होता, ती बघत होती, भर सकाळचं ऊन होतं, आडोसा घ्यायला काही नव्हतं. मी गवंड्याला म्हणालो, जा, राहू दे.

तुम्हाला सांगितलं. तिला सांगणार नाही. धीर होत नाही म्हणा, माज म्हणा, तुमच्या तोंडी येईल तो शब्द वापरा, मी खोडून काढणार नाही. आणि माफीबिफी मला कुणाकडून नको आहे, तुमच्याकडून तर नाहीच.

अक्का बरी आहे. गिऱ्हाईक आलं की चहा करते. सकाळी गोणीतून पातेलं, तवा आणि दोन ताटल्या काढते, स्वयंपाक करते, माझ्यासाठी भाकरी पाठवते. मग भांडी घासते, पुसून कोरडी करते, आणि परत गोणीत ठेवते.