सी ब्लॉकचे अठ्ठ्याहत्तर टक्के

"उद्घाटनाची तारीख पक्की झाली का जी, मॅडम?"

टेकचंदकाका पत्र्याच्या भोकातून विचारत होते. माझ्या हातात लॅबचा रिपोर्ट होता. सी ब्लॉकचे तीन क्यूब फेल झाले होते.

"सांगते काका," मी म्हणाले आणि साइट ऑफिसात शिरले.

गोंदियाच्या भर बाजारात, जुन्या मैदानाच्या जागी, फुटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहत होतं. मी तिथे क्वालिटी कंट्रोलची सहायक अभियंता होते. मैदानाभोवती ए, बी, सी, डी असे गॅलरीचे चार ब्लॉक. तीन वर्षं सगळीकडून पत्रे ठोकलेले. त्या पत्र्यांना डोळ्याच्या उंचीवर भोकं पडायची. ठेकेदार एक बुजवायचा, दुसऱ्या दिवशी हातभर अंतरावर नवं तयार. ही भोकं पाडणारी मंडळी रोज संध्याकाळी यायची. कुणी शहरातले, कुणी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगाववरून मोटरसायकलने. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि त्याचं नावच 'सी ब्लॉक' होतं. पूर्वी मैदानाच्या त्या बाजूला कडुनिंब होता. त्याच्या सावलीत बसून यांनी उमेदीतल्या मॅच पाहिल्या होत्या. झाड गेलं, तिथे सी ब्लॉक आला. म्हणजे तो यांचाच, असा त्यांचा सरळ हिशेब. कोण कुठल्या पायरीवर बसणार हेही ठरलेलं होतं.

टेकचंदकाका त्यांचे म्होरके. राइस मिलमध्ये मिस्त्री होते, आता रिटायर. तरुणपणी हाफ-बॅक खेळायचे. दुसऱ्या गीताबाई. त्या गेटजवळ टोपली घेऊन उकडलेले शिंगाडे विकायच्या. ऑफसाइड कशाला म्हणतात हे मला त्यांनीच समजावलं होतं, चार शिंगाडे जमिनीवर मांडून.

आता क्यूब म्हणजे काय ते सांगते. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरतात आणि त्याचे सहा इंची ठोकळे करतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती दाबावर फुटले त्यावरून इमारतीतलं काँक्रीट किती ताकदीचं ते कळतं. सी ब्लॉक सर्वांत शेवटी ओतला होता. पहिल्या दोन ट्रकचे क्यूब उत्तम होते. तिसऱ्या ट्रकचे तिन्ही कमी पडले.

तिसरा ट्रक आला तेव्हा मी साइटवर नव्हते.

त्या दिवशी तिरोड्याला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. दोन ट्रक माझ्यासमोर उतरले. सगळं नीट चाललं होतं, म्हणून दुपारी मी निघाले. पाचला परत आले तेव्हा काम संपलं होतं. ज्या फॉर्मवर 'काँक्रीट माझ्या समक्ष ओतले' असं लिहिलेलं असतं, त्यावर मी सही केली. अशी सही मी पहिल्यांदाच केली होती.

रिपोर्ट आल्यावर ठेकेदाराच्या माणसांना विचारलं. कुणालाच काही आठवेना. शेवटी गेटबाहेर गीताबाईंजवळ जाऊन बसले.

"त्या दिवशी तिसरा ट्रक उशिरा आला होता का हो?"

"आला ना जी. बाजारात फसला होता मोठा वेळ. मंग आला तं माल घट्ट झाला होता. ट्रकले पाइप लावला न् पाणी सोडलं." त्यांनी शिंगाडा सोलता सोलता सांगितलं. "आमी भोकातून पाहून राहिलो होतो. आमाले वाटलं, असंच करतात."

असं करत नाहीत. काँक्रीटला पाणी मोजून लागतं. वरून पाइप सोडला की ते ओतायला सोपं होतं आणि कायमचं कमजोर राहतं. मी तिथे असते तर तो ट्रक परत पाठवला असता.

मी कार्यकारी अभियंता साहेबांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"उद्घाटनाला किती दिवस?"

"चोवीस, सर."

"पाहुण्यांना निमंत्रण गेलंय. दोन टीम ठरल्यात." त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "लोड टेस्ट करा. क्यूब कमी आला तरी स्लॅब पुष्कळदा पास होतो."

त्यांचं खरं होतं. लोड टेस्ट म्हणजे त्या भागावर वजन ठेवून पाहायचं. तिसऱ्या ट्रकचा माल जिथे पडला होता, तेवढ्या पायऱ्यांवर रेतीची पोती रचायची. चोवीस तास ठेवायची, मग उतरवायची. खाली डायल गेज लावतात, घड्याळासारखं गोल यंत्र असतं. गॅलरी केसभर वाकली तरी काटा सांगतो. वजनाने प्रत्येक काँक्रीट वाकतं. वजन काढल्यावर ते किती परत येतं, हा खरा प्रश्न. शंभर भाग वाकलं असेल तर चोवीस तासांत निदान पंच्याहत्तर परत यायला हवं.

साडेतीनशे पोती भरून गेटबाहेर रचली. संध्याकाळी पूर्ण सी ब्लॉक ग्रुप त्यांच्याभोवती गोळा.

"हे कायले?" गीताबाई.

"गॅलरीवर ठेवायची. वजन पेलते का बघायला."

"पोते कायले बसवून राहिले जी? आमी बसतो ना! फुकट बसतो."

"आणि नाही पेललं तर?"

टेकचंदकाकांनी मान डोलावली. "म्हंजे आमच्या बदल्यात पोते मरतीन. बसू दे पोत्याले."

एका माणसाच्या जागेवर पाच-सहा पोती येणार हे कळल्यावर गीताबाईंनी विचारलं, एवढा जाडा माणूस गोंदियात कोण आहे? मी म्हटलं, गोल झाला की तुम्ही सगळे एकदम उड्या मारता, त्याचा हिशेब धरलाय. हे मात्र सर्वांना पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पोत्यांवर विटेच्या तुकड्यांनी ग्रुपमधल्यांची नावं लिहिलेली. धनलाल, भोजराज, गीताबाई. एकावर 'टेकचंद' आणि त्याला खेटून दुसऱ्यावर 'सौ. टेकचंद'.

"काकू पण येणार?" मी विचारलं.

काका चक्क लाजले. "चाळीस वर्सं झाली लग्नाले. एक डाव मैदानावर नाई आली. मातीत कोन बसते म्हने. आता पायऱ्या बांधल्या तं येतो म्हनून राहिली."

त्या दोन पोत्यांना मजुरांनी शेजारीशेजारीच ठेवलं. मी सांगितलं नव्हतं.

चोवीस तासांनी पोती उतरवली, आणखी चोवीस तासांनी काटा वाचला. हिशेब केला. एकाहत्तर टक्के.

नियमात एक सवलत आहे. पहिल्यांदा पंच्याहत्तर आले नाहीत तर बहात्तर तास थांबून टेस्ट पुन्हा करता येते. पण दुसऱ्या वेळी निदान ऐंशी टक्के लागतात. ऐंशीच्या खाली आलं तर तो भाग नापास, पुढे बोलणं नाही.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, चार टक्के में क्या रखा है? पचहत्तर लिख दो, बात खतम."

मी वही मिटली आणि निघाले. धीट होते म्हणून नव्हे. पाण्याचा पाइप त्याच्या माणसांनी सोडला होता, पण फॉर्मवर सही माझी होती. त्याला सुनावायला मला तोंडच नव्हतं.

संध्याकाळी टेकचंदकाका पत्र्याशी आले. "पास झाले का आमचे पोते?"

मी गेट उघडून बाहेर गेले. दुकानांपुढच्या गर्दीत, गीताबाईंच्या टोपलीजवळ उभं राहून सगळं सांगितलं. क्यूब, पाइप, एकाहत्तर टक्के. मग साखरपुडा आणि सहीसुद्धा सांगितली. ते सांगायची गरज नव्हती, पण तिथवर आल्यावर थांबता आलं नाही.

भोजराज नावाचा गोरेगावचा माणूस रागाने म्हणाला, "तीन वर्सं वाट पाहून राहिलो आमी. न् तुमी पाहुणचाराले गेल्या?"

"हो," मी म्हणाले.

टेकचंदकाकांनी त्याला हाताने थांबवलं. मग मला विचारलं, "आज उद्घाटन असतं तं तुमी सोता बसल्या असत्या काय तठी?"

"नाही काका."

"मंग आमी बी नाई बसत. लिवा जे आलं ते."

गीताबाईंनी कागदात शिंगाडे बांधले आणि माझ्या हातात दिले. "खाऊन घ्या जी. सकाळपासून काही खाल्लं नाई दिसत."

मी आत येऊन ते खाल्ले आणि रडले. खरं सांगते आहे, म्हणून हेही सांगितलं.

तीन दिवस थांबून पुन्हा पोती चढवली. नावं पुसट झाली होती, कुणीतरी परत गिरवली. या वेळी काटा वाचायला साहेब स्वतः आले. मी आकडे सांगत गेले, त्यांनी मोबाइलवर हिशेब केला. मग तोच हिशेब परत केला. अठ्ठ्याहत्तर.

"दोन टक्के," ते म्हणाले.

"हो सर."

"डायलची चूक असू शकते?"

"तीन डायल होते सर. तिन्ही तेच सांगतात."

रिपोर्ट मी त्याच दुपारी लिहिला. सी ब्लॉक वापरण्यास अयोग्य, मजबुतीकरण करून पुन्हा चाचणी घ्यावी. खाली आणखी एक परिच्छेद जोडला: तिसरा ट्रक रिकामा करताना मी हजर नव्हते, तरी हजर असल्याची सही केली आहे. साहेबांनी तो परिच्छेद वाचून चष्मा काढला.

"हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. कुणी विचारणार नव्हतं."

"पाणी का सोडलं गेलं याचं कारण अपुरं राहिलं असतं, सर."

"नोटीस निघेल तुमच्यावर."

"माहीत आहे."

त्यांनी सही केली. वरच्या ऑफिसला फोन लावला आणि एकही शब्द न फिरवता सांगितलं की एक ब्लॉक बंद राहील. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा चालला होता, तो मलाही ऐकू येत होता. साहेब फक्त "हो सर, बंदच" म्हणत राहिले. त्या माणसाबद्दल मी आधी बरंच वाईट बोलले होते, ते तिथे मनातल्या मनात परत घेतलं.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं, तीन ब्लॉकवर. सी ब्लॉकला दोरी बांधली आणि बोर्ड लावला. पत्रे निघाले तेव्हा बाजारातले लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. शहराच्या मधोमध एकाएकी एवढं हिरवं दिसलं. मला वाटलं, आमची मंडळी बी ब्लॉकमध्ये बसतील. जागा राखून ठेवली होती. ती कुणी घेतली नाही. सी ब्लॉकपासून बऱ्याच अंतरावर, मैदानाच्या कुंपणाला लागून, त्यांनी ताडपत्री अंथरली आणि सगळे ओळीने बसले. एका पोलिसाने हटकलं. गीताबाईंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, तोही थोड्या वेळाने ताडपत्रीच्या कडेला टेकला.

टेकचंदकाकू आल्या होत्या. जांभळी नवी साडी, हातात पाण्याची बाटली. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. काकांनी त्यांना समोर ए ब्लॉकमध्ये नेऊन बसवलं आणि स्वतः ताडपत्रीवर येऊन बसले. मधे आख्खं मैदान. मॅच सुरू झाल्यावर काकू दर पाच मिनिटांनी हात हलवायच्या. काका इकडून हलवायचे. पहिला गोल झाला तेव्हा काका हात हलवत होते, तो त्यांना दिसलाच नाही.

"काय झालं? कोनं मारला?" ते मलाच विचारायला लागले. मीही त्या दोघांकडेच पाहत होते.

मजबुतीकरणाला चार महिने लागले. खालून लोखंडी बीम टाकले, खांब वाढवले. खर्च ठेकेदाराने केला. त्याच्या लोकांनी वेल्डिंग केलं तेव्हा प्रत्येक जोडाजवळ मी स्टूल टाकून बसले. पुन्हा साडेतीनशे पोती चढली. या वेळी एक्क्याण्णव टक्के.

दोरी सोडली त्या संध्याकाळी कुठली मॅच नव्हती. शाळेच्या मुली मैदानावर सराव करत होत्या. सी ब्लॉक ग्रुप तरीही पूर्ण हजर. आधी मी वर जाऊन बसले, मग साहेब बसले. मग टेकचंदकाकांनी काकूंचा हात धरून एकेक पायरी चढवली आणि चौथ्या पायरीवर दोघं बसले. काकू सांगत होत्या की त्या सहा नंबरच्या मुलीने बॉल लवकर सोडायला हवा, आणि काका ऐकत होते.

माझ्या सेवापुस्तकात लेखी ठपका लागला. तो बरोबर होता, मी अपील केलं नाही. काँक्रीटच्या दिवशी शेवटचा ट्रक रिकामा होईपर्यंत आता मी साइट सोडत नाही. नव्या ज्युनियर मुलांनाही तेवढंच शिकवते, बाकीचं पुस्तकात आहे.

स्टेडियमच्या ऑफिसात तक्रार-वही ठेवली आहे. आठवडाभराने सहज उघडली. पहिलंच पान भरलं होतं, बाईच्या सावकाश अक्षरात:

'सी ब्लॉकमध्ये चार वाजता ऊन थेट डोळ्यावर येते. बॉल दिसत नाही. छत टाकावे. तोपर्यंत मॅच पाच वाजता, ऊन ए ब्लॉकमागे गेल्यावर सुरू करावी. सौ. टेकचंद.'

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं कळलं आहे की लोक उन्हाची तक्रार करायला लागले, म्हणजे खालचं काँक्रीट ते विसरले. आमचं काम तेवढंच असतं. मी त्या पानावर 'आवक' असा शिक्का मारला आणि छताचं एस्टिमेट करायला घेतलं.